प्रशिक्षणानंतर काय?
प्रौढ दिव्यांगांच्या रोजगाराचा विचार

दिव्यांग व्यक्तींच्या कल्याणाचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ प्रामुख्याने बालकांच्या संदर्भात होत आला. विशेष शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, साहाय्यक साधने यांवर शासनाने व स्वयंसेवी संस्थांनी लक्ष केंद्रित केले, आणि त्याची गरजही होती. परंतु बालक हे कायम बालक राहत नाही. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की विशेष शाळेचा आधार संपतो आणि एक वेगळाच प्रश्न समोर उभा राहतो. वेळेवर येणे, रांगेत उभे राहणे, सांगितलेले काम पुरे करणे या गोष्टी मोठ्या कष्टाने शिकलेला तरुण घरी परततो. पुढे काही वर्षे ओसरीवर बसून काढल्यानंतर शिकलेले बरेचसे तो विसरतो. शिक्षकाचे श्रम आणि शासनाचा खर्च तर वाया जातोच. त्याहून मोठे नुकसान म्हणजे त्या माणसाचा स्वतःवरील विश्वास नाहीसा होतो.

या प्रश्नावरचे नेहमीचे उत्तर म्हणजे व्यवसाय प्रशिक्षण. शिवणकाम, मेणबत्त्या, खडू, फाइली, अगरबत्ती, संगणक यांचे वर्ग भरतात, प्रमाणपत्रे दिली जातात आणि अहवालात लाभार्थींची संख्या नोंदली जाते. तथापि प्रशिक्षण देणे व रोजगार मिळवून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप निष्पन्न होत नाही. या दोहोंमधील अंतर कसे पडते व ते कसे भरून काढता येते, हे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण हे अंतर शहरातील संस्थेत बसून भरून निघत नाही. ते गावात, बाजारपेठेत आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी भरून काढावे लागते.

प्रश्नाची व्याप्ती

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. एकूण लोकसंख्येशी हे प्रमाण २.२१ टक्के भरते. त्यांपैकी सुमारे ६९ टक्के व्यक्ती ग्रामीण भागात राहत होत्या. महाराष्ट्रातील संख्या २९ लाखांहून अधिक होती. या जनगणनेत दिव्यांगत्वाचे ८ प्रकार नोंदविण्यात आले होते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांना मान्यता दिली आहे. यावरून प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असणार, हे उघड आहे.

याच जनगणनेप्रमाणे देशातील एकूण दिव्यांगांपैकी सुमारे ३६ टक्के व्यक्ती काम करणाऱ्या होत्या. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४७ टक्के, तर स्त्रियांत सुमारे २३ टक्के होते. या सरासरीवर समाधान मानणे चुकीचे ठरेल. घरच्या शेतीवर बिनमजुरीने राबणाराही जनगणनेत काम करणारा म्हणून गणला जातो. शिवाय सर्व प्रकारच्या दिव्यांगांची स्थिती सारखी नाही. दृष्टी, श्रवण वा हालचाल यांपैकी एखादीच अडचण असलेल्यांना तुलनेने अधिक काम मिळते. बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अथवा एकाहून अधिक प्रकारचे दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती मात्र सर्वांच्या मागे राहतात. त्यांतही स्त्री असेल तर ती घराबाहेरच पडत नाही. ज्यांना सर्वाधिक साहाय्य हवे त्यांनाच ते सर्वांत कमी मिळते, असे हे चित्र आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

श्रमातून पुनर्वसन हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना व्यवसाय शिकविण्यासाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. पुण्याजवळील खडकी येथे तिचे कार्य पुढे स्थिरावले. मुंबईतील जय वकील शाळेने १९४४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणाला आरंभ केला. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ मध्ये मुंबईत उभी राहिली. शारीरिकदृष्ट्या अपंग असलेल्यांसाठी देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय १९५९ मध्ये मुंबईतच उघडण्यात आले, आणि १९६८ मध्ये केंद्र शासनाच्या व्यवसाय पुनर्वसन केंद्रांची सुरुवात ज्या शहरांत झाली त्यांत मुंबईचा समावेश होता.

या परंपरेत बाबा आमटे यांच्या आनंदवनाचे स्थान अनन्यसाधारण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ १९४९ मध्ये आरंभिलेल्या या कार्यात कुष्ठरोग्यांनी स्वतः जमीन कसली, विहिरी खणल्या, घरे बांधली. पुढे तेथील संधिनिकेतनात अंध, मूकबधिर व अस्थिव्यंग तरुणांना निरनिराळ्या हस्तव्यवसायांचे शिक्षण मिळू लागले. सुरुवातीच्या काळात आनंदवनात पिकलेला भाजीपाला विकत घेण्यास आसपासचे लोक कचरत असत, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. हातांनी काम शिकले तरी घेणाऱ्याचे मन तयार झाल्याखेरीज त्या श्रमाचा पैसा होत नाही. कोल्हापूर येथे नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेने सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजूप्रक्रियेचा उद्योग उभारला. मुबलक कच्चा माल, तयार बाजारपेठ आणि बसून करता येण्याजोगे काम या तीन गोष्टींची तेथे सांगड घातली गेली. व्यवसायाची निवड परिसर पाहून करावी, हा धडा त्यातून मिळतो.

कायद्याचा आधार

अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्यात शासकीय सेवेतील ३ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद होती. संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीचा करार संमत केला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. त्या कराराला अनुसरून संमत झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आजच्या विचाराचा पाया हाच कायदा आहे.

या कायद्याच्या कलम १९ नुसार व्यवसाय प्रशिक्षणाच्या सर्व सर्वसाधारण योजनांत दिव्यांगांचा समावेश करणे व त्यांना त्यासाठी पुरेसे साहाय्य देणे शासनावर बंधनकारक आहे. स्वमग्नता, बौद्धिक व बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी मात्र बाजारपेठेशी प्रत्यक्ष संबंध असलेले स्वतंत्र प्रशिक्षण द्यावे, असेही तेथे म्हटले आहे. कलम २० नुसार शासकीय आस्थापनेत सेवायोजनाच्या बाबतीत भेदभाव करता येत नाही, कर्मचाऱ्यास वाजवी सोयी द्याव्या लागतात आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कोणास कामावरून दूर करता येत नाही अथवा त्याचा दर्जा घटविता येत नाही. कलम ३४ अन्वये ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी शासकीय पदांत किमान ४ टक्के आरक्षण आहे. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार असलेल्यांचा समावेश आरक्षणात या कायद्याने प्रथमच झाला. खाजगी क्षेत्रातील मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत यासाठी मालकांना प्रोत्साहन देण्याची तरतूद कलम ३५ मध्ये आहे.

न्यायालयांनीही या हक्कांचा अर्थ वेळोवेळी स्पष्ट केला आहे. विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी दिलेल्या निर्णयात वाजवी सोय हा समानतेच्या हक्काचाच भाग असल्याचे प्रतिपादन केले. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण करून या कामास प्रशासकीय अधिष्ठान दिले.

तथापि आरक्षणाने सुटणारा प्रश्न मर्यादित आहे. शासकीय पदे मोजकी असतात, आणि त्यांच्यासाठी लागणारी शैक्षणिक अर्हता ग्रामीण भागातील बहुसंख्य प्रौढ दिव्यांगांपाशी नसते. त्यांची भाकरी शेतीपूरक उद्योग, दुकाने, लहान कारखाने, सहकारी संस्था आणि स्वयंरोजगार यांतूनच यावयाची आहे.

साखळी कोठे तुटते

प्रशिक्षणाच्या रूढ पद्धतीत एक क्रम गृहीत धरलेला असतो. व्यक्तीने आधी तयार व्हावे आणि मग नोकरी शोधावी. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत या क्रमात मूलभूत अडचण आहे. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी वापरणे हीच तिच्यासाठी सर्वांत अवघड गोष्ट असते. वर्गातील टेबलावर खोकी बांधण्यास शिकलेला तरुण कारखान्यातील आवाजात, निराळ्या आकाराच्या खोक्यांसमोर गोंधळून जातो. मग तो अजून तयार नाही असा शेरा मिळतो आणि त्यास पुन्हा वर्गात पाठविले जाते. वर्षे उलटतात, पण ही तयारी काही पुरी होत नाही.

दुसरी अडचण संरक्षित कर्मशाळांची आहे. अशा कर्मशाळांनी अनेक कुटुंबांना मोठा आधार दिला, यात संशय नाही. अतितीव्र दिव्यांगत्व असलेल्यांसाठी त्यांची आवश्यकता पुढेही राहील. परंतु तेथून बाहेरच्या नोकरीत जाणाऱ्यांची संख्या जगभर अल्पच राहिली आहे. कर्मशाळा ही पायरी म्हणून बांधली गेली. पुष्कळांसाठी ती मुक्कामाची जागा ठरली. तेथील वस्तू बहुधा दिवाळीच्या सुमारास, सद्भावनेपोटी विकत घेतल्या जातात. अशा विक्रीवर वर्षभराची मजुरी निघत नाही.

तिसरी अडचण नोकरी लागल्यानंतरची आहे. प्रशिक्षण संस्थेची जबाबदारी नेमणूक झाली की संपते, असे मानले जाते. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे कसोटीचे असतात. मुकादम बदलतो, बसची वेळ बदलते, एखादा सहकारी चेष्टा करतो, आणि अशा लहानशा कारणाने नोकरी सुटते. त्या वेळी मध्यस्थी करणारे कोणी जवळ असते, तर ती टिकली असती.

आधी काम, मग प्रशिक्षण

या अडचणींतून मार्ग काढण्यासाठी अमेरिकेत १९७० व १९८० च्या दशकांत एक वेगळी पद्धत आकारास आली. तिला साहाय्यित रोजगार असे म्हणता येईल. तिचे सूत्र रूढ क्रमाच्या उलट आहे. व्यक्तीला प्रथम खऱ्या कामावर, खऱ्या मजुरीवर ठेवावयाचे आणि प्रशिक्षण त्या जागीच द्यावयाचे.

या विचाराला मार्क गोल्ड या संशोधकाच्या प्रयोगांनी बळ दिले. ज्यांना काहीच शिकविता येणार नाही असे मानले जात होते, अशा बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना त्यांनी १५ सुटे भाग असलेला सायकलचा ब्रेक जोडण्यास शिकविले. भाग क्रमाने मांडून ठेवणे, कोणती बाजू वर यावी हे दर्शविण्यासाठी रंगाची खूण करणे आणि बोलणे कमी ठेवून हाताने दाखविणे ही त्यांची साधी साधने होती. शिकणारा शिकत नसेल तर दोष शिकणाऱ्यात न शोधता शिकविण्याची रीत बदलावी, हे त्यामागील तत्त्व होते.

साहाय्यित रोजगाराचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिला टप्पा माणसाची पारख. केवळ बुद्ध्यंक वा दिव्यांगत्वाची टक्केवारी पाहून ती होत नाही. व्यक्तीला काय आवडते, गर्दी मानवते की एकांत, उभ्याने काम होते की बसून, सकाळी उत्साह असतो की दुपारी, हे घरी व गावात पाहून ठरवावे लागते. दुसरा टप्पा कामाची निवड. संपूर्ण पद जमणारे नसेल तर अनेक पदांतील सोप्या, पुनःपुन्हा येणाऱ्या कामांचा संच करून नवे काम घडविता येते. तिसरा टप्पा कामाच्या जागीच शिक्षण. यासाठी जो माणूस सोबत राहतो त्यास जॉब कोच म्हणतात. मराठीत त्यास कार्यमार्गदर्शक म्हणता येईल. चौथा टप्पा हळूहळू दूर होण्याचा. मार्गदर्शकाची जागा एखाद्या सहकाऱ्याने घ्यावी, अशी तजवीज पहिल्या दिवसापासून केली जाते. पाचवा टप्पा पाठपुराव्याचा असून तो ठरावीक मुदतीनंतर संपत नाही. गरजेप्रमाणे कमीअधिक होतो.

एका कामाची फोड

ही पद्धत खर्चिक वा गुंतागुंतीची आहे असा समज होण्याचा संभव असल्याने रोपवाटिकेतील एक नेहमीचे काम उदाहरणादाखल घेऊ. पिशव्या भरणे हे काम वरवर एकच दिसते. त्याची फोड केली असता ते असे होते : पिशवी उचलून तोंड उघडणे, ठरलेल्या डब्याने तीन मापे माती-खताचे मिश्रण टाकणे, पिशवी जमिनीवर हलकेच दोनदा आपटून माती बसविणे, चौथे माप टाकणे, वर दोन बोटे जागा राहिली आहे हे खूण केलेल्या काडीने पाहणे, पिशवी क्रेटमध्ये उभी ठेवणे.

मार्गदर्शक प्रथम स्वतः सर्व पायऱ्या करून केवळ शेवटची पायरी शिकणाऱ्यास करावयास देतो. काम पुरे झाल्याचे समाधान अशा रीतीने त्यास पहिल्याच दिवशी मिळते. त्यानंतर शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन, असे मागून पुढे जावयाचे. शंभरापर्यंत मोजता येत नाही ही अडचणही दूर करता येते. क्रेटमध्ये वीस पिशव्या मावत असतील तर क्रेट भरली की एक खडा डब्यात टाकावा. पाच खडे झाले म्हणजे शंभर पिशव्या झाल्या. हिशेबाची ही सोय सर्वांनाच उपयोगी पडते. प्रत्येक पायरीसमोर ‘स्वतः केले’, ‘खुणेने केले’, ‘हात धरून केले’ अशा तीन रकान्यांची नोंद रोज ठेवली, तर प्रगती कोठे अडली हे स्पष्ट दिसते व शिक्षकाला तेवढ्याच पायरीवर लक्ष देता येते.

याच रीतीने दूध संकलन केंद्रात कॅन धुणे, द्राक्षांच्या वा टोमॅटोच्या पॅकिंग शेडमध्ये खोक्यांत कागद घालणे, कांद्याची प्रतवारी, वाचनालयात पुस्तके रंगाच्या पट्टीप्रमाणे लावणे, खानावळीत भाजी निवडणे, कापडाच्या दुकानात घड्या घालणे अशा कामांची फोड करता येईल. गावोगावी अशी कामे आहेत; ती दिव्यांग व्यक्तीच्या दृष्टीने पाहण्याची सवय मात्र नाही.

लहान सोयी, मोठा फरक

वाजवी सोय म्हटले की उद्वाहन, स्वयंचलित दरवाजे असे खर्चाचे चित्र डोळ्यांसमोर येते. बहुतेक सोयी त्याहून पुष्कळ साध्या असतात. उंबरठ्यापाशी उतार, अल्पदृष्टी असलेल्यासाठी ठळक अक्षरांतील सूचना, वाचता न येणाऱ्यासाठी चित्रांची यादी, मोठ्या आवाजाने अस्वस्थ होणाऱ्या स्वमग्न व्यक्तीसाठी यंत्रापासून दूरची जागा, अपस्माराचा त्रास असलेल्यास भट्टी व उघड्या यंत्रापासून वेगळे काम, वेळापत्रकात अर्ध्या तासाची सूट, या सोयींना पैशापेक्षा विचार अधिक लागतो. मुंबईत २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘मिरॅकल कुरिअर्स’ या व्यवसायाने बटवड्याचे काम श्रवणबाधित तरुणांकडे सोपविले. या कामात बोलण्यापेक्षा नकाशा व पत्ता समजणे महत्त्वाचे असते आणि निरोप भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने देता येतात, हे ओळखल्यामुळे ते शक्य झाले.

मनोविकारातून सावरलेल्या व्यक्ती

मानसिक आजारातून सावरणाऱ्या व्यक्तींचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. त्यांची बुद्धी शाबूत असते, पूर्वीचे कौशल्यही असते. परंतु आजाराचा चढउतार व समाजाची भीती आड येते. अमेरिकेत १९९० च्या दशकात रॉबर्ट ड्रेक व डेबोरा बेकर यांनी त्यांच्यासाठी साहाय्यित रोजगाराची एक विशिष्ट पद्धत विकसित केली. काम करण्याची इच्छा हीच एकमेव पात्रता, उपचार व रोजगार यांच्या यंत्रणांनी एकत्र काम करणे, व्यक्तीच्या आवडीला प्राधान्य आणि कालमर्यादा नसलेला आधार ही तिची वैशिष्ट्ये होत. अनेक देशांत झालेल्या चाचण्यांत आधी प्रशिक्षण देणाऱ्या पद्धतीपेक्षा या पद्धतीने अधिक जणांना नोकऱ्या मिळाल्याचे दिसून आले. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथून बरे होऊन बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना निवारा व रोजगार मिळवून देण्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने २०११ मध्ये ‘तराशा’ हा प्रकल्प सुरू केला. औषधोपचार चालू असणे हा काम नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही, हे मालकांना व कुटुंबांना समजावून सांगणे हा अशा कार्याचा मोठा भाग असतो.

कुटुंबाची भीती

प्रौढ दिव्यांगास कामावर पाठविण्यास अनेकदा कुटुंबच राजी नसते. त्यामागे अनास्था असते असे नव्हे. रस्त्यात काही होईल, कोणी फसवील, चेष्टा होईल, ही भीती खरी असते. शिवाय संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या योजनांना कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. कष्टाने मिळालेले अनुदान अल्प व अनिश्चित मजुरीमुळे बंद पडेल आणि नोकरी सुटल्यावर दोन्हीही हातचे जातील, असा हिशेब गरीब घर करते. हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. म्हणून कामाचा प्रस्ताव मांडतानाच तलाठी वा तहसील कार्यालयाकडून नियमांची नेमकी माहिती घेऊन ती कुटुंबास लेखी समजावून देणे हा रोजगार साहाय्याचाच एक भाग समजला पाहिजे. नुसत्या उपदेशाने ही भीती जात नाही.

संरक्षण आणि स्वाधीनता

दुर्बल व्यक्तीला काम मिळवून देताना तिचे शोषण होणार नाही, याची खबरदारी घेणे ही तितकीच महत्त्वाची जबाबदारी आहे. दोन वेळचे जेवण देऊन बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला वर्षानुवर्षे राबविण्याचे प्रकार दयेच्या नावाखाली घडतात. जेवण हे वेतन नव्हे. ठरलेला मोबदला, कामाचे तास, सुटीचा दिवस या गोष्टी सुरुवातीसच लिहून ठेवाव्यात. मजुरी शक्यतो व्यक्तीच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावी. अशा व्यक्तीस इतरांप्रमाणे मालमत्ता बाळगण्याचा व आपले आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या कलम १३ ने मान्य केला आहे. कलम ७ अन्वये हिंसा, छळ व शोषण यांविरुद्ध कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. अशा घटनेची माहिती कोणतीही व्यक्ती वा संस्था देऊ शकते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांना पालकत्वाची गरज भासल्यास राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावयाचा असतो. पालक नेमला म्हणजे व्यक्तीचे मत विचारण्याचे कारण उरत नाही, असा मात्र त्याचा अर्थ नाही. कोणते काम करावयाचे हे त्या व्यक्तीला प्रथम विचारले गेले पाहिजे; बोलता येत नसेल तर प्रत्यक्ष दाखवून व करवून तिचा कल पाहता येतो.

गावपातळीवरील कार्य

या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे की रोजगार साहाय्य हे प्रामुख्याने स्थानिक काम आहे. ग्रामपंचायतीने प्रथम गावातील अठरा वर्षांवरील दिव्यांग व्यक्तींची यादी करावी. यादीत केवळ नाव व टक्केवारी न नोंदता ती व्यक्ती सध्या काय करते, काय करू शकते व तिला काय करावेसे वाटते, हे तीन रकाने असावेत. ज्यांच्यापाशी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र नसेल त्यांना ते मिळवून देण्याची व्यवस्था करावी. बहुतेक योजनांचे दार त्यानेच उघडते. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. हा निधी वर्षअखेरीस वस्तूवाटपात संपविण्याऐवजी त्यातील काही भाग कामाची हत्यारे, प्रवासखर्च, कामाच्या जागेतील लहान बदल अशा रोजगारास उपकारक बाबींसाठी नियमांच्या चौकटीत वापरता येईल का, याचा विचार ग्रामसभेत व्हावा.

महाराष्ट्राने १९७२ मध्ये सुरू केलेल्या रोजगार हमी योजनेने कामाचा हक्क हा विचार देशाला दिला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याखालील मार्गदर्शक सूचनांत दिव्यांगांना देता येतील अशा कामांचा निर्देश करण्यात आला होता. मजुरांना पाणी देणे, लहान मुले सांभाळणे, रोपांना पाणी घालणे यांसारखी ती कामे होत. कामाची यादी करताना प्रारंभीच असा विचार केला तर कोणास वगळावे लागत नाही, ही दृष्टी गावातील प्रत्येक सार्वजनिक कामास लागू करता येईल.

शिक्षकांचे काम अठराव्या वर्षापूर्वी सुरू होते. चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून विद्यार्थ्यास गावातील निरनिराळी कामे दाखविणे, पैसे ओळखणे, एकट्याने बसने जाणे, वेळ पाळणे, नकार देणे व मदत मागणे या गोष्टी शिकविणे हे पुढील रोजगाराचे खरे भांडवल आहे. शाळा सोडताना विद्यार्थ्यास दाखल्यासोबत एक पानाची माहिती द्यावी. तो कशाने शिकतो, कशाने बिथरतो, कोणते काम मन लावून करतो, हे त्यात असावे. मालकाला गुणपत्रिकेपेक्षा हे पान अधिक उपयोगी पडेल.

औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आणि दिव्यांग कल्याण यंत्रणा यांतील अधिकाऱ्यांनी यशाचे मोजमाप बदलणे अगत्याचे आहे. किती जणांना प्रशिक्षण दिले यापेक्षा किती जण कामावर लागले, सहा महिन्यांनी व वर्षानंतर किती जण कामावर टिकले आणि त्यांना मजुरी काय मिळाली, हे विचारले गेले पाहिजे. मोजमाप बदलले की कामाची दिशा आपोआप बदलते. स्वयंरोजगार करू इच्छिणाऱ्यांना राष्ट्रीय व राज्य पातळीवरील दिव्यांग वित्त व विकास महामंडळांकडून सवलतीच्या दराने कर्ज मिळू शकते. मात्र कर्जासोबत माल कोठे विकला जाणार याची आखणी करून देणे आवश्यक आहे.

मालकांशी बोलताना दयेचे आवाहन टाळावे. दयेने दिलेली नोकरी मंदी येताच सर्वप्रथम जाते. कोणते काम किती वेळात होईल, मार्गदर्शक किती दिवस सोबत राहील, अडचण आल्यास कोणास बोलवावयाचे, हे स्पष्ट सांगितले तर पुष्कळ मालक प्रयोग करून पाहण्यास तयार होतात. एका माणसाने वर्षभर नीट काम केले की पुढच्या माणसासाठी फारसे बोलावे लागत नाही.

प्रत्येक प्रौढ दिव्यांग व्यक्ती पूर्ण वेळ नोकरी करू शकेल असे नाही, आणि तसा आग्रहही असू नये. दिवसातील दोन तासांचे काम, घरच्या व्यवसायातील ठरलेला वाटा, बचत गटातील एखादी जबाबदारी हीसुद्धा रोजगाराचीच रूपे आहेत. काम लहान असो वा मोठे. महिन्याच्या अखेरीस स्वतःच्या कष्टाचे पैसे हाती येणे आणि उद्या आपली कोणी वाट पाहणार आहे हे ठाऊक असणे, यातून माणसाला कुटुंबात व गावात स्थान मिळते. कायद्याने हक्क दिला आहे, संस्थांनी मार्ग दाखविला आहे. गावातील एका व्यक्तीसाठी एक काम शोधण्यापासून आरंभ करणे हे आता स्थानिक कार्यकर्त्यांच्या हाती आहे.